सांभाळ पोरगे

चिखली गावात चिखल नाही. पावसाळ्यातसुद्धा नावापुरताच होतो. मूळ नाव चिक्कहळ्ळी, म्हणजे कानडीत लहानसं गाव. पण सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरांना एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुठली? चिक्कहळ्ळीचं चिखली कधी झालं ते गावालाही कळलं नाही. आता पाटीवर चिखली, आधारकार्डावर चिखली, आणि नवा पाहुणा आला की आधी स्वतःच्या चपलांकडे बघतो आणि मग विचारतो, "कुठाय हो चिखल?" अशा गावात कुठला शब्द खरा आणि कुठला खोटा, याचा निवाडा करायला बसू नये. बसणारे बसतात म्हणा. पारावर दुसरं काम काय असतं?

या गावात सारजाबाई राहतात. वय सत्तरीकडे झुकलेलं, कपाळावर विभूतीची आडवी बोटं, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू येतं आणि घरी पोचल्यावर ते टोचतं. कडक भाकरी इतक्या पातळ करतात की सोलापूरच्या लेकी-सुना माहेरच्या म्हणून डबे भरून नेतात. पण त्याचा त्यांना काही विशेष गर्व नाही. भाकरी काय, कुणीही करतं, असं म्हणतात. गर्व एकाच गोष्टीचा. चहा घ्यायला बसलेल्या माणसाला, तो विचारो न विचारो, त्या सांगतात, "ह्या शिवाराला एक शब्द मी दिलाय. माझा हाय त्यो. केमहून आणला न्हाय आन् हितं कुणी शिकवला न्हाय."

हा शब्द समजायचा तर येळवस समजली पाहिजे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अक्कलकोटच्या बाजूला गावात माणूस शोधून सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जीचा, बाजरीच्या उंड्यांचा, आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, वाटाणा, तूर, पालेभाज्या असं रानातलं जे हाताला लागेल ते एकत्र शिजवलेलं कालवण. मग घरातला कर्ता डोक्यावर घोंगडी घेतो, तिच्यावर आंबिलीचं रंगवलेलं मडकं ठेवतो, त्याला बिंदगं म्हणतात, आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडत शेताला वेढा घालतो. पुढे तो ओरडतो, "ओलगे ओलगे!" मागचे ओरडतात, "सालम पोलगे!"

याचा अर्थ काय? तोच तर प्रश्न आहे. एक म्हणतो ओलगे म्हणजे होळगी, पुरणाची पोळी. दुसरा म्हणतो छे, पोळीचा काय संबंध, ते गवताला उद्देशून आहे. बांधाशेजारचे शिवप्पा म्हणतात सालम म्हणजे सलाम, कुण्या बादशहाच्या वेळचा. खुद्द येळवस या नावावरही एकमत नाही. कानडीत येळु म्हणजे सात, म्हणून पेरणीपासूनची सातवी अमावस्या, हे एकाचं म्हणणं. एळ्ळु म्हणजे तीळ, म्हणून तिळाची अमावस्या, हे दुसऱ्याचं. आणि मराठी शाळेत शिकलेला तिसरा सांगतो की ती सरळ 'वेळ अमावस्या' आहे, वेळेवर करायची म्हणून. तिघेही छातीठोकपणे सांगतात आणि तिघेही भज्जी सारखीच हाणतात.

सारजाबाई या भांडणात कधी पडल्या नाहीत. त्यांची गोष्टच वेगळी.

त्या केमच्या. करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं केम. स्टेशनाजवळ वडिलांचं किराणा दुकान होतं. घराणं लिंगायत, पण तोंडात कानडीचा एक शब्द नाही. जिल्हा एक, देव एक, म्हणून चिखलीच्या सिद्रामप्पाशी सोयरीक जमली. भाषेचं कुणी विचारलंच नाही. लग्नात नवरदेवाकडचे सगळे चांगलं मराठी बोलत होते, कारण ते पाहुण्यांशी बोलत होते. वरात चिखलीला पोचली, उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, आणि सारजा कानडीत पडली.

सासूचं नाव गौरम्मा. उंच, हाडापेराने मोठी, आणि मराठीचा गंध नसलेली. पहिल्याच दिवशी ताट वाढून तिने सुनेला सांगितलं, "ऊटा माड." म्हणजे जेव. सारजाने ऐकलं 'उठा', आणि ती बिचारी ताटावरून उठून उभी राहिली. गौरम्मा पुन्हा म्हणाली, "ऊटा माड." सारजा आता आणखी कुठे उठणार? ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. नवी सून मोठी मानी आहे, अन्नाला पाठ करते, असं घरात बोललं गेलं, आणि नवी सून रात्री पोटाला पदर आवळून निजली. आठवड्याभराने एका सकाळी सासूने विचारलं, "हाल ऐतेन?" दूध आहे का, एवढंच. सारजाचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसांत कुणीतरी आपली विचारपूस केली असं वाटून ती म्हणाली, "न्हाय ओ अत्ती, काय हाल न्हाईत माझे. बरी हाय मी." सिद्रामप्पा दाराशी दाढी करत होता. हसताना त्याने गाल कापून घेतला.

अशा अवस्थेत तिची पहिली येळवस आली.

शाळू ज्वारीचं पीक खांद्याला लागत होतं. पुढे सासरे बिंदगं घेऊन, मागे घरचे, आणि सगळ्यांत शेवटी नवी सून, हिरवं लुगडं सावरत, बांधावरून पडू नये म्हणून पायाखाली बघत. वारा होता, ताटांची पानं सळसळत होती. पुढून आवाज आला "ओलगे ओलगे", ते काही तिला कळलं नाही. पण मागचे जे ओरडले ते मात्र तिने स्वच्छ ऐकलं. सांभाळ पोरगे! लग्न झाल्यापासून या घरात तिच्याशी कुणी मायेचं मराठी बोललं नव्हतं, आणि आज सगळं घर एका सुरात सांगत होतं, सांभाळ गं पोरगे, बांध अरुंद आहे, जपून ये. की शेत सांभाळ म्हणत होते? तिला दोन्ही वाटलं. दोन्ही बरं वाटलं. पुढच्या हाकेला तिनेही गळा मोकळा सोडला, "सांभाळ पोरगे!" केमच्या स्टेशनावर गाडीच्या आवाजावर आवाज काढायची सवय असलेला गळा तो, चार शेतांपलीकडे ऐकू गेला.

सगळे थांबले. मग एकदम हशा उसळला. सासऱ्यांच्या डोक्यावरचं बिंदगं हिंदकळलं, दिरांनी बांधावर बसकण मारली. सारजाला काय चुकलं तेही कळेना, आणि सिद्रामप्पाने ते समजावून सांगितलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

एक गौरम्मा हसली नव्हती. तिने मुलाला विचारलं, "येनंदळ इकी?" ही काय म्हणाली? सिद्रामप्पाने कानडीत अर्थ सांगितला, "नोडको मगळ." लक्ष ठेव, सांभाळ, लेकी. गौरम्माने उभ्या पिकाकडे बघितलं. मग जे बोलली ते सारजाबाई आजही तिच्याच आवाजात म्हणून दाखवतात: "नम्मदक अर्थ इल्ल. इकीदक ऐति." आपल्या हाकेला अर्थ नाही. हिच्या हाकेला आहे.

सासरे चिडले. वाडवडिलांचा शब्द मोडायचा का, म्हणाले. त्यावर गौरम्माने वाटणीच करून टाकली. पुढे चालणाऱ्याचं ओलगे ओलगे, ते तुमचं, ते तुमच्या वाडवडिलांचं. मागे आम्ही चालतो, मागचं आम्ही आम्हाला कळेल ते म्हणू. आणि ती स्वतः, कानडीच्या बाहेर कधी पाऊल न टाकलेली बाई, वाकड्यातिकड्या मराठीत ओरडली, "सांबाळ पोरगे!" सारजाने तिच्याकडे बघितलं. सासू म्हणून तिला घाबरायचं तिने त्या दिवसापासून सोडलं.

शेजारच्या शेतांनी आधी थट्टा केली. मग थट्टेने म्हणता म्हणता पोरांच्या तोंडी तेच बसलं. पोरं मोठी झाली, बाप झाली, आणि त्यांच्या पोरांना तर दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. आज येळवसेला चिखलीच्या शिवारात उभं राहिलं तर चारी बाजूंनी 'सांभाळ पोरगे' ऐकू येतं. बाकी गावांत नाही, फक्त चिखलीत. सारजाबाई पुढे कानडी इतकं शिकल्या की आता शिव्या कानडीतच देतात, मराठीत त्यांना त्या मिळमिळीत वाटतात. पण शिवाराने त्यांच्याकडून जे घेतलं ते त्यांच्या अडाणी दिवसांतलं, याची त्यांना गंमतही वाटते आणि ताठाही.

सासू-सासरे गेले. सिद्रामप्पा कर्ता झाला, बिंदगं त्याच्या डोक्यावर आलं. त्यांना एकच मुलगी, रुद्राणी. धाकट्या दिराचा मुलगा शरणबसव, त्याची आई लवकर गेली म्हणून तोही सारजाबाईंच्याच मांडीवर वाढला. तो त्यांना दोड्डव्वा म्हणतो, म्हणजे थोरली आई. शिकला, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, तिकडेच राहिला. रुद्राणीला अक्कलकोटात दिली. जावई बसवेश औषधाच्या दुकानात असतो, भला माणूस. दोन वर्षांमागे येळवस झाल्यावर सिद्रामप्पाला अर्धांगाचा झटका आला आणि तो खाटेला खिळला, तेव्हा शेत कोण बघणार हा प्रश्न कुणी विचारायच्या आत रुद्राणी स्कूटीवरून येऊ लागली. सकाळी यायची, पेरणी, खुरपणी, काढणी उरकून दिवेलागणीला परत. बापाला वरवरचं सांगायची नाही, मूठभर ओली माती आणून त्याच्या चांगल्या हातात ठेवायची आणि विचारायची, "आप्पा, वापसा आला का?" तो मुठीत पेरणीजोगी ओल जोखून मान हलवायचा. मागच्या वर्षी श्रावणात तो गेला. पुढच्या येळवसेला घरात दुःख म्हणून कुणी वेढा घातला नाही. यंदा घालायचा होता.

आणि यंदा बिंदगं कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आला. प्रश्न नुसता मडक्याचा नव्हता. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, येळवसेला ज्याच्या डोक्यावर बिंदगं दिसतं त्यालाच शिवार शेताचा कर्ता समजतं. पाण्याची पाळी त्याला विचारतात, बांधाचं त्याच्याशी बोलतात, मजूर त्याचं ऐकतात.

शरणबसव आदल्या दिवशी सोलापूरहून आला. बायको माहेरी होती, पहिलीतली मुलगी अक्षता तेवढी सोबत. कारखान्यातले दोघे-तिघे पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. ओसरीवर चहा घेता घेता त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "दोड्डव्वा, उद्या बिंदगं मी घेतो. आणि सणानंतर शेत वाट्यानं कसायला देऊन टाकू की. अक्का किती दिवस स्कूटीवर हेलपाटे घालणार?"

रुद्राणी शेंगा सोलत होती. तिने मान खाली घालून पुढची शेंग उचलली. सारजाबाईंना लेकीचा हा स्वभाव ठाऊक होता. जे सगळ्यांत जास्त हवं असतं ते ती मागत नाही.

"शेत तिनं केलंय," सारजाबाई म्हणाल्या. "बिंदगं तिनं घ्यावं."

शरणबसव दचकला. "बाईनं? दोड्डव्वा, ह्या शिवारात बाईच्या डोक्यावर बिंदगं कधी बघितलंय का कुणी? आणि अजून एक. पाहुणे येणारेत. निदान त्यांच्यासमोर तरी हाक बरोबर असू दे. सालम पोलगे. मी चार जाणत्यांना विचारलं, सगळ्या गावांत तेच आहे. आपलंच तेवढं चुकीचं आहे."

तो वाईट बोलत नव्हता, आणि खोटंही बोलत नव्हता. पोरगा सणावर जीव टाकणारा होता. कारखान्यात रजा मिळो न मिळो, येळवस त्याने चुकवली नव्हती. म्हणूनच सारजाबाईंना जास्त लागलं. परक्याने म्हटलं असतं तर त्या कानडीत चार शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या.

"व्हय, चुकलेलंच हाय," त्या म्हणाल्या. "चुकलं म्हणून तर माझं हाय. बरोबर असतं तर ते सगळ्यांचं असतं, माझं कशाला राहिलं असतं? पण शरणू, तुला बरोबर म्हणायचं हाय न्हवं? मंग घे बिंदगं. सगळा वेढा तुझी ती खरी हाक निभव. पुरी निभावलीस तर तू कर्ता, शेत वाट्यानं दे, मी तोंड उघडणार न्हाय. पण एकदा जरी जीभ वळली, तर तितनं पुढं बिंदगं रुद्राणीच्या डोक्यावर. कबूल?"

"अव्वा!" रुद्राणी म्हणाली.

शरणबसव हसला. "कबूल. चार शब्द तर आहेत की."

सारजाबाईही हसल्या. या पोराला बोलायला शिकवलं होतं त्यांनीच. आई म्हणायच्या आधी तो त्यांच्या कडेवरून 'पोग्गे, पोग्गे' ओरडायचा, हे त्याला कुठून आठवणार? जित्याची खोड, म्हणतात ना. त्या निवांत झोपल्या. रुद्राणी मात्र अक्कलकोटला न जाता तिथेच राहिली आणि पहाटेपर्यंत कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. कोप उभी राहिली, पांडव मांडले, पूजा झाली. पाहुणे मोबाइल काढून फोटो घेत होते आणि आंबील तोंडाला लावून "वा" म्हणत होते. शरणबसवने डोक्यावर घोंगडी घेतली, बिंदगं ठेवलं, कडुलिंबाचा डहाळा हातात घेतला. दिसत होता मात्र देखणा. सिद्रामप्पाचीच चण. सारजाबाईंना क्षणभर भरून आलं आणि लगेच त्याचा रागही आला.

"ओलगे ओलगे!" तो ओरडला, आणि स्वतःच पुढचं म्हणाला, "सालम पोलगे!" पाहुण्यांनी तेच उचललं. रुद्राणी आणि सारजाबाई मागून गप्प चालल्या. भोवतालच्या शेतांतून आरोळ्या येत होत्या, सांभाळ पोरगे, सांभाळ पोरगे. वाऱ्याबरोबर त्या अंगावर येत होत्या, पण पोरगा कच्चा नव्हता. पहिला बांध संपला. हरभऱ्याची पट्टी संपली. तिसऱ्या बांधाला तो चुकला नाही तेव्हा सारजाबाई धास्तावल्या. काय करून बसलो आपण? जी गोष्ट लेकीने घाम गाळून मिळवली होती ती आपण एका शब्दाच्या ताठ्यापायी पैजेला लावली. तिला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी रुद्राणीकडे बघितलं. ती पिकाकडे बघत चालली होती, एखाद्या ताटावर चिकट्याची कीड दिसली की थांबून पान उलटून बघत होती, जणू उद्याही तिलाच यायचं आहे. सारजाबाईंना आपलीच लाज वाटली.

शेवटचा बांध विहिरीवरून जातो. जुनी विहीर, कठडा नाही. अक्षता हातात हरभऱ्याचा डहाळा घेऊन सगळ्यांच्या पुढे उड्या मारत चालली होती. शरणबसव ओरडला, "ओलगे ओलगे!" पुढचं म्हणायला त्याने श्वास भरला, आणि त्याला दिसलं की पोर बांध सोडून विहिरीच्या काठाकडे वळली आहे, मान मागे करून, हसत.

"सांभाळ पोरगे!"

त्याच्या बेंबीच्या देठापासून निघालं ते. अक्षता जागच्या जागी थबकली. रुद्राणी शाळूतून आडवी धावली आणि तिने पोरीला फ्रॉकला धरून मागे ओढलं. काठावरचे चार खडे घरंगळत गेले आणि खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. आणि गंमत अशी की भोवतालच्या शेतांना वाटलं, सिद्रामप्पाच्या शेतातून अखेर खणखणीत हाक आली, तिकडून सगळ्यांनी दणक्यात ओ दिली, "सांभाळ पोरगे!"

अक्षता रडायला लागली. सारजाबाईंनी आधी तिला पोटाशी घेतलं, पाठीवरून हात फिरवला, ती शांत होईपर्यंत पैजेचं नावही काढलं नाही. ते शरणबसवनेच काढलं. बिंदग्यातली आंबील घोंगडीवर सांडली होती.

"दोड्डव्वा, ती हाक नव्हती. मी अक्षताला म्हणालो."

"काय म्हणालास?"

"सांभाळ म्हणालो तिला. पडेल म्हणून."

"मंग?" सारजाबाई म्हणाल्या. "तेवढाच तर अर्थ हाय की त्याचा. मीबी बांधावरनं पडंन म्हणूनच ऐकलं हुतं ते. तू सालम पोलगे म्हणाला असतास तर पोर थांबली असती व्हय?"

शरणबसवला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने लपवलंही नाही. वाद घालता आला असता. पाहुण्यांपैकी एकजण म्हणालासुद्धा, की तांत्रिकदृष्ट्या ही चूक धरता येणार नाही. पण शरणबसव सारजाबाईंच्या हातचा होता, शब्द दिला की दिला. त्याने बिंदगं उतरवून बांधावर ठेवलं, घोंगडी झटकली आणि रुद्राणीपुढे उभा राहिला.

"अक्का, वाक जरा."

"शरणू, लोक काय म्हणतील?"

"वाट्याचं बोलणं मी मागं घेतलं. वाक."

त्याने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर घोंगडी घातली, तिच्यावर बिंदगं ठेवलं, नीट बसलं का ते हलवून बघितलं. विहिरीपासून कोपीपर्यंतचा बांध राहिला होता. रुद्राणीने पाऊल टाकलं. शेजारच्या शेतातली माणसं एकेक करून उभी राहिली. बाईच्या डोक्यावर बिंदगं! आरोळ्या बंद झाल्या. बांधापलीकडे शिवप्पा काठी टेकून उभे होते. गावातला सगळ्यांत जुना माणूस, रीत मोडली की तोंडावर सांगणारा. गौरम्माच्या वाटणीवर वर्षानुवर्षं कुरकुर केली होती ती यांनीच, आणि आपल्या शेतात आजपर्यंत सालम पोलगेच म्हणत आले होते.

"ओलगे ओलगे," रुद्राणी म्हणाली. आवाज तिच्या बापासारखा नव्हता. लहान होता, पण फाटला नाही.

सगळ्यांनी सारजाबाईंकडे बघितलं. ओ पहिली त्यांची असायची, इतकी वर्षं हेच होत आलं होतं. त्यांच्या गळ्यापर्यंत शब्द आलाही. पण त्यांनी ओठ मिटून घेतले. आईने ओ दिली तर ती आईची झाली. शिवार काय म्हणतं ते त्यांना ऐकायचं होतं. शरणबसव तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी त्याचं मनगट दाबलं.

वाऱ्याने शाळू सळसळला. रुद्राणी थांबली नाही, पण तिची पावलं जड झाली होती, ते पाठीवरूनसुद्धा दिसत होतं.

मग बांधापलीकडून, काठी मातीत रुतवून, फुटक्या आवाजात शिवप्पा ओरडले. रुद्राणीकडे बघून ओरडले.

"सांभाळ, पोरगे!"

रुद्राणीने त्यांच्याकडे बघितलं आणि बिंदग्याला एक हात लावून मान खाली केली, वडीलधाऱ्याला करतात तशी. मागून सगळं शिवार उठलं. आपल्या शेतातून, पलीकडच्या शेतातून, ओढ्याच्या त्या अंगाच्या शेतातून, बायका, पुरुष, पोरं. शरणबसव गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. सारजाबाईंनी हे शब्द जन्मभर म्हटले होते. गप्प उभं राहून ऐकले कधी नव्हते. आपल्या एका चुकीतून गावाने आपल्या लेकीला शेत सांभाळायला सांगितलं, याचा त्यांना अभिमान वाटला. लई वाटला. त्यांनी पदराने तोंड पुसलं, अक्षताचं बोट धरलं आणि रुद्राणीच्या मागून चालू लागल्या.